विंचू, घुबड, कोल्हा आणि साडेआठचं पान

मंगळवार, ७ जानेवारी

आमच्या दैनिकाचं नंदुरबारचं पान १ फेब्रुवारीपासून धुळ्यात लागणार. आवृत्तीप्रमुख महाजन (पुढे नुसतं म.) यांनी जळगावहून फोनवर स्वतः दुजोरा दिला. सकाळपासून कुजबुज होती, म्हणून मीच फोन लावला. सव्वीस वर्षं दुसऱ्यांच्या बातम्यांना दुजोरा मागत आले. आज स्वतःच्या बातमीला मागितला.

कारण माझा उजवा हात. नोव्हेंबरात धानोरा रस्त्यावर स्कूटी घसरली, हात कडेच्या पत्र्यावर पडला. अंगठ्याशेजारची दोन बोटं शिवली, टाके निघाले, पट्टी निघाली. बोटं सरळच्या सरळ राहिली, खिळ्यासारखी. माऊसची बटनं दाबतात ती नेमकी हीच दोन.

म. म्हणाले, "शमीमताई, तुम्ही घरी बसून बातम्या तपासून द्या. सन्मानाने. पान धुळ्याची मंडळी लावतील."

म्हटलं, धुळ्याचं पान सहाला बंद होतं, आपलं साडेआठला. धडगाव-अक्कलकुव्याचा मजकूर सातशिवाय येत नाही. त्या अडीच तासांत आलेल्या बातमीचं काय करायचं?

"दुसऱ्या दिवशी घेऊ."

"दुसऱ्या दिवशी ती बातमी राहत नाही."

मग मीच बोलले. ३१ तारखेला पान मी एकटी लावते. साडेआठला छपाईला सोडते. सोडलं, तर पान इथेच राहील.

म. हसले. "बघा प्रयत्न करून."

फोन स्पीकरवर होता. समोरच्या टेबलावर जाहिरातवाला दिलीप पाटील. ऐकलं त्याने. साक्षीदार आहे.

बुधवार, ८ जाने.

डाव्या हाताने पान लावायला बसले. दोन महिने माझ्या जागी दिलीप लावतोय, जाहिरातींचं स्वतःचं काम सांभाळून. कंटाळलाय, पण बोलत नाही. आज त्याला खुर्चीतून उठवलं.

डावा हात माऊसवर गेला की कीबोर्डवर कोणी उरत नाही. बाण जायचा असतो मथळ्यावर, जातो फोटोवर. आठ वाजता अर्धं पान रिकामं. उरलेलं दिलीपने भरलं.

पडदा बघून म्हणाला, "ताई, दखा तं. पुढारीना मुंडकावर श्रद्धांजलीनी चौकट बसी गयी."

हसले. नंतर वाटलं, हे तसंच छापून गेलं असतं तर?

गुरुवार, ९ जाने.

व्यायामाला गेले. बोटांचे व्यायाम रूथ वसावे घेते. नवापूरकडची, पस्तिशीची. बोलणं मऊ, पकड लोखंडाची. रबरी चेंडू दाबायला लावते आणि आपण कण्हलो की खिडकीबाहेर बघते.

तिला पानाचं सांगितलं. तिने माझा अंगठा धरून चारी बाजूंना फिरवला.

"ताई, हा तर अगदी ठणठणीत आहे."

"अंगठ्याने काय करू?"

"माऊसचं बटन तर्जनीनेच दाबायचं, असं कोणी सांगितलं?"

मग समजावलं. गेम खेळणाऱ्यांसाठी वेगळे माऊस मिळतात. काहींना कडेला, बरोब्बर अंगठ्याखाली, बारा बटनं असतात. प्रत्येक बटनाला हवं ते काम शिकवता येतं. नेहमीची क्लिकसुद्धा अंगठ्याकडे देता येते.

"तुला हे कसं माहीत?"

आवाज उतरवून म्हणाली, "मी खेळते ना. लढाईचा गेम. आम्ही पाच जणी आहोत. दोन सिस्टर, एक अंगणवाडीच्या मॅडम, एक माझी वहिनी. रविवारी चर्च सुटलं की आम्ही किल्ला घेतो."

चेंडू हातातून सुटला.

शुक्रवार, १० जाने.

घरी सांगितलं. रशीद शिलाई मशीनचं तेलपाणी करत होता. गावातल्या निम्म्या मशिनी माझ्या नवऱ्याच्या हातून गेल्यात.

"गेम का माऊस? इस उमर में क्या खेलेगी?"

"धुळ्याशी खेळणार आहे."

"लोगां घुटने का तेल मंगाते, हमारी बेगम चूहा मंगाती."

म्हटलं, पंचावन्न वर्षांची आहे, पंचाण्णव नाही. आणि घरी बसून बातम्या तपासायच्या असतील तर त्या तुम्हालाच वाचून दाखवीन, रोज, सगळ्या. त्यावर त्याने सुई बदलण्यात लक्ष घातलं. थोड्या वेळाने विचारलं, "मिलता किधर?"

शनिवार, ११ जाने.

स्टेशन रोडला चेतनभाईंचं दुकान. कॉम्प्युटरचं सगळं आम्ही तिथूनच घेतो.

"आवो बेन. गेमिंग? घरात लहान बाबा आहे काय?"

"कुठला बाबा? मला हवाय."

"तुमच्यासाठी?"

"माझ्यासाठी. कडेला बटनं भरपूर. आणि डीपीआय जास्तीत जास्त."

डीपीआय ऐकून भाईंनी चष्मा वर केला. आदराने खुर्ची दिली. कडेच्या बटनांचा माल ते ठेवत नाहीत, सुरतेहून मागवतील. तीन कंपन्यांचे तीन. आठवडाभर वापरायचे, आवडेल तो ठेवायचा, बाकीचे परत.

दुकानात होते ते बघितले, सगळे दिव्यांचे. बाजारपेठेत मिरचीची पोती उतरत होती. शिंकत शिंकत घरी.

मंगळवार, १४ जाने. संक्रांत

दिलीपने तिळगूळ दिला, चेतनभाईंनी तीन खोकी.

कंपन्यांची नावं जिभेवर बसत नाहीत. खोक्यावरच्या चित्रांवरून लिहिते.

कोल्हा. बिनतारेचा, हलका, सुरेख. बटनं सहाच, अंगठ्याभोवती गोल. वाईट वाटलं, कारण हातात सर्वांत छान बसतो तो हाच. पण दोन मिनिटं हलवला नाही की झोपतो. बातमी वाचून होईपर्यंत हा घोरायला लागलेला. उठवायला परत झटका द्यावा लागतो. ऐन पान सोडताना झोपला तर? बाद.

विंचू. बारा बटनं, मोठी, ठसठशीत. मध्यम वजन. पोटातून सात रंगांचे दिवे. दिलीप: "ताई, गनपती बसाडा का?" दिवे बंद करता येतात म्हणे.

घुबड. बारा बटनं, लहान, डाळिंबाच्या दाण्यासारखी. बूड रुंद, वजन दगडाचं. दिवे नाहीत. दिसायला सरकारी कार्यालयातला वाटतो. त्यामुळे मला आधीच जवळचा वाटला.

तिन्हींचा डीपीआय सर्वांत वर नेऊन ठेवला. तीनशे डीपीआयच्या खालचा फोटो मी आजवर पानात घेतलेला नाही, तोच हिशेब. हात नखभर हलवला, बाण पडद्यावरून गायब. तीनदा. रूथला फोन केला तर ती कितीतरी वेळ नुसती हसत होती. "ताई, आठशेवर आणा. फोटो नाही तो, बाणाचा वेग आहे."

सव्वीस वर्षांचं ज्ञान. असो.

बुधवार, १५ जाने.

आज तिन्हींची परीक्षा. माझ्या टेबलावर, माझ्या पद्धतीने. माऊसखाली कालचा अंक, चौघडी, घडी डावीकडे. आमच्याकडे सगळेच असं करतात. जळगावलाही. पॅड कोणी विकत घेतल्याचं आठवत नाही, अंक काय रोज असतोच.

एकच काम तिघांना. तीन स्तंभांची चौकट उचलून वरच्या कोपऱ्यात न्यायची, क्लिक डाव्या हाताने.

कोल्ह्याने नेली. विंचवाने नेली. घुबडाने अर्ध्यावर सोडली. परत केलं. हात पूर्ण गेला, चौकट अर्धीच. तिसऱ्यांदा थोडी जास्त, तरी कोपरा नाहीच.

दिलीप म्हणाला, "घुबड म्हातारं शे, ताई. दिसत नही त्याले."

निकाल: विंचू पास. घुबड आणि कोल्हा संध्याकाळी चेतनभाईंना परत. मथळा द्यायचा तर "विंचवाची बाजी". असले मथळे मी कापत आलेय.

गुरुवार, १६ जाने.

रजा घेतली. घरच्या लॅपटॉपवर विंचवाला शिकवलं, रूथ फोनवर. एक नंबरचं बटन क्लिक. दोन, डबल क्लिक. तीन कॉपी, चार पेस्ट. सात, जतन. जुनं पान उघडून चौकटी हलवल्या. अंगठा दाबला की चौकट येते, सोडला की बसते. दोन्ही बोटं वर हवेत, पाहुण्यांसारखी, कामाला न लागता.

दोन महिन्यांनंतर पहिल्यांदा मी स्वतः मथळा जागेवर ठेवला. पानावर बातमी होती गटाराची. तरी कितीदा तरी बघितली.

रशीदने चहा आणून ठेवला आणि मशीनवर परत बसला.

शुक्रवार, १७ जाने.

ऑफिसात विंचू लावला. सगळं विसरलेला. एक नंबर दाबला तर पानावर १ उमटतो. दोन दाबला तर २.

रूथला फोन. ती म्हणाली, विंचू जे शिकतो ते त्या कॉम्प्युटरमध्ये ठेवतो, स्वतःजवळ नाही. दुसऱ्या यंत्रावर नेलं की तिथे त्याचं सॉफ्टवेअर टाकावं लागतं. "आणि घुबड?" "घुबड स्वतःच्या पोटात ठेवतं, ताई. कुठेही न्या."

हे तिने संक्रांतीलाच सांगितलं असतं. मी विचारलं नव्हतं. माझे प्रश्न डीपीआयचे होते.

आमच्या यंत्रात काहीही नवं टाकायचं तर परवानगी जळगावची. म.ना फोन केला.

"ताई, गेमचं सॉफ्टवेअर? ऑफिसच्या यंत्रावर?"

"पान लावायचं सॉफ्टवेअर आहे. कंपनीने खोक्यावर गेम लिहिलंय, त्याला मी काय करू?"

"लेखी द्या."

सहा ओळींचा अर्ज, पाच मिनिटांत पाठवला. मुदतीआधी.

शनिवार, १८ जाने.

उत्तर आलं. "कार्यालयीन संगणकावर खेळाशी संबंधित कोणतीही प्रणाली स्थापित करता येणार नाही." तीनदा वाचलं. ऱ्हस्व-दीर्घाची एक चूक नाही. वाक्य निर्दोष, आणि लिहिणारा माणूस... असो.

दिलीपला दाखवलं. तो म्हणाला, "आते कसं करशात?"

म्हटलं, सोडणार नाही, एवढं माहीत आहे. बाकी उद्या ठरवते.

सोमवार, २० जाने.

चूक सापडली. माझी. नीट लिहून ठेवते.

दुपारी रशीद डबा द्यायला ऑफिसात आला. मी तशीच विंचू धरून चौकट लांब ओढून बघत होते, शिकवलेला नसला तरी हाताला सवय असावी म्हणून. क्लिक डाव्या हाताने. रशीद मागे उभा. पडद्याकडे बघत नव्हता, टेबलाकडे बघत होता.

"शमीम, चूहा नहीं चल रहा. कागज चल रहा."

"काय?"

"ऊपर का पन्ना देख. तेरे साथ जा रहा. मशीन में दो कपडे रखो, दाब बराबर नहीं तो ऊपर का सरकता, नीचे का रुकता. सिलाई टेढी. वोइच."

अंक उचलून बाजूला केला. माऊस उघड्या टेबलावर. चौकट सरळ कोपऱ्यात गेली.

परत अंक ठेवला. वरचं पान बोटभर सरकलं, चौकट बोटभर मागे राहिली.

विंचू मध्यम वजनाचा, म्हणून त्याचं थोडक्यात भागलं. कोल्हा हलका, त्याने कागद हलवलाच नाही. घुबड जड. ते दर वेळी वरचं पान सोबत घेऊन गेलं. बिचाऱ्याने सगळं बरोबर केलं होतं. माऊस माझ्या हाताबरोबर जातोय, कागद माऊसबरोबर जातोय, मग खालचं काही सरकताना त्याला दिसतच नाही, बाणाने हलावं कशावरून?

जुने माऊस इतके हलके होते की हे कधी कळलंच नाही. सव्वीस वर्षं स्वतःच्याच अंकावर माऊस फिरवला आणि परीक्षा घेतली ती घुबडाची.

दिलीपला सांगितलं. त्याने आपला माऊस उचलून खाली पाहिलं. शाईने काळाकुट्ट.

"मंगनं मी म्हनू, मन्ही जाहिरात रोज वाकडी का बसस!"

खुलासा छापायची सोय असती तर छापला असता. 'घुबडाबद्दल दिलेला निकाल चुकीचा होता. दिलगीर आहोत.'

मंगळवार, २१ जाने.

चेतनभाई: "बेन, घुबड तर शनिवारी सुरतेला परत गेलं. एकच पीस होता."

"नवा मागवा."

"कंपनीकडून यायला दहा-बारा दिवस लागतील."

माझ्याकडे दहा. त्यातले सरावाला किती?

"दुकानाचा पत्ता द्या."

"तुम्ही जाणार? एवढ्यासाठी?"

"एवढ्यासाठीच."

बुधवार, २२ जाने.

सकाळच्या गाडीने सुरत. दुकानदाराने खोकं ओळखलं, मला नाही. चेतनभाईंनी फोन केलेला.

"मॅडम, पसंद नहीं आया था ना? वापस आया है."

"गलती मेरी थी."

किती सोपं वाटलं म्हणायला. परक्या गावात सोपं असतं.

मग त्याने काउंटरवर दुसरेच चार मांडले. याला सोळा बटनं, त्याला पंखा, हाताला घाम येऊ नये म्हणून. माऊसला पंखा! मी घुबडच मागितलं. तो म्हणाला, उघडलेला माल आहे, कंपनीला जाणार. म्हटलं, इथे लावून बघते, चाललं तर घेते, नंतर तक्रार नाही.

काचेच्या काउंटरवर घुबड अजिबात चालेना. मागे उभे असलेले दोघं हसले. "आंटी, आप के बस का नहीं."

मी खोक्याचं झाकण फाडलं, काचेवर ठेवलं, त्यावर घुबड. सुरळीत. काच असली की त्याला खालचं दिसत नाही, एवढं मला आता कळतं. त्या दोघांना कळत नव्हतं. हसणं थांबलं.

परतीच्या गाडीत खोकं मांडीवर. शेजारच्या बाईंनी विचारलं, मिठाई? म्हटलं, औषध.

गुरुवार, २३ जाने.

घुबडाला घरी शिकवलं, ऑफिसात लावलं. एक दाबलं. क्लिक! सगळं लक्षात. जळगावला अर्ज नाही, काही नाही.

टेबलावरचा अंक कायमचा काढला. रशीदने मशीन झाकायच्या रेक्झिनचा तुकडा कापून, चारी बाजूंनी चिकटवून दिला. कड दुमडून वर टीपही मारली. गरज नव्हती.

दिलीप: "आते खुर्चीले बी झालर लावा."

पान ९.२० ला सुटलं. एकटीने. उशीर पन्नास मिनिटं. पण एकटीने.

शनिवार, २५ जाने.

९.०२. दाणे लहान आहेत, सात दाबताना आठ दाबला जातो, जतन व्हायच्या ऐवजी खोडलं जातं. रशीदने सातवर नखपॉलिशचा ठिपका दिला. लाल, माझ्याच बाटलीतला. अंगठ्याला न बघता तो फुगवटा कळतो.

अंगठा सुजलाय. रूथ रागावली. "ताई, कामाच्या वेळी लाकूड धरल्यासारखा धरता. सैल सोडा." कसा सोडू? चुकलं की पान चुकतं. "मग उद्या जिथे चुकलं तरी चालतं तिथे या."

रविवार, २६ जाने.

झेंडावंदन. सुट्टी, उद्या अंक नाही. दुपारी दोनला लॅपटॉपवर रूथच्या टोळीत गेले. कानात पाच बायकांचे आवाज, मराठी आणि मध्येच त्यांची घरची बोली. गेममध्ये मला नाव लागतं. रूथने ठेवलं: प्रूफवालीबाई.

चार मिनिटांत मेले. परत उठवलं. परत मेले. अंगणवाडीच्या मॅडम ओरडल्या, "प्रूफवालीबाई, पळा! वाचत काय उभ्या राहिल्यात!" खरंच वाचत होते. भिंतीवर काहीतरी लिहिलं होतं.

तिसऱ्या वेळी अंगठ्याने आपला आपण पाच नंबर दाबला आणि समोरचा पडला. टोळीने आरोळी ठोकली. रशीद धावत आला. "क्या हुआ?"

"मी एकाला मारलं."

"अल्ला."

संध्याकाळी बघते तर अंगठा दुखत नाही.

मंगळवार, २८ जाने.

८.४१.

पाच वाजता म.चा फोन. धुळ्यात टेबल लागलं, माणूस ठरला, शनिवारपासून बसणार. "कशाला जिवाला त्रास करून घेता, ताई. या वयात."

"वय तुमचं माझ्यापेक्षा दोनने जास्त आहे, साहेब."

"माझी बोटं चालतात."

मग म्हटलं, "शुक्रवारी साडेआठला पान बघा. बोटं मोजू नका."

फोन ठेवला आणि घुबड हातात घेतलं. 

गुरुवार, ३० जाने.

८.२६. चार मिनिटं राखून.

दिलीपने आज सांगितलं. म.नी त्याला तीनदा फोन केला होता. "माले इचारं त्यास्नी, ताईनं पान कितला वाजाले सुटस. मी सांगं, मन्हं घड्याळ बंद शे."

त्याच्या मनगटावर घड्याळ चालू होतं. त्याने बाही खाली ओढली.

शुक्रवार, ३१ जाने.

चारला बसले. दिलीप दुसऱ्या खोलीत, मीच पाठवलं. एकटी म्हणजे एकटी.

कळसाडीचा उसाचा मजकूर साडेचारला. तळोद्याचा पाचला. धडगावहून सात वाजून दहा मिनिटांनी, दोन फोटो, एक आडवा. मुख्य मथळा पावणेआठला ठरला. आठला सगळं पान भरलं. तपासलं. खालच्या कोपऱ्यात एक नाव चुकलेलं, दुरुस्त केलं. आठ वाजून आठ. सोडायचंच होतं.

आठ वाजून दहा मिनिटांनी तापीकाठच्या प्रकाशा गावचे वार्ताहर गुलाबभाऊ कोळी यांचा फोन.

"ताई, बंधारातून उद्या दुपारी बाराले पानी सोडनार शेत. आत्ते निरोप उना. पात्रमा लोकेस्न्या मोटारी शेतीस."

नदीपात्रात पंप लावून पाणी उचलणारे शेतकरी. पाणी सुटलं की मोटार जाते. खात्रीसाठी पाटबंधारेच्या अधिकाऱ्याला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. आठ अठराला उचलला, दुजोरा दिला, वेळ सांगितली.

पान तयार होतं. त्या क्षणी सोडलं असतं तर पैज जिंकलेली.

अंक सकाळी सातला प्रकाशात पोहोचतो. पाणी बाराला.

वरची दोन स्तंभांची चौकट उचलली, अंगठ्याने. एका पुढाऱ्याचा सत्कार खाली ढकलला, अर्धा कापला. बातमी लिहिली, डाव्या हाताने, अकरा ओळी. मथळा: 'प्रकाशा बंधाऱ्यातून आज दुपारी पाणी, मोटारी काढून घ्या'. एका ठिकाणी सातऐवजी आठ दाबला गेला, चौकट उडाली, परत आणली. वेळ दोनदा वाचली. तारीख दोनदा वाचली.

पान सुटलं. ८.३४.

८.३६ ला म.चा फोन. "चार मिनिटं उशीर, ताई."

"हो."

"ठरलं साडेआठ होतं."

"हो. वरची डावीकडची बातमी वाचलीत?"

"वाचली. ते व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतंच आहे."

"फिरणाऱ्यावर पात्रातून कोणी मोटार काढत नाही, साहेब. छापलेल्यावर काढतात. धुळ्याने सहाला बंद केलेल्या पानात ही बातमी कुठे बसली असती, तेवढं सांगा. मग चार मिनिटांचं बोलू."

पलीकडे कोणीतरी कागद चाळत होतं.

"उद्या अकराला फोन करतो," म्हणाले.

दिलीप दारात उभा होता. "जित्नात का हारनात, ताई?"

म्हटलं, पान सुटलं.

शनिवार, १ फेब्रुवारी, सकाळी साडेदहा

धुळ्याचा माणूस आज टेबलावर बसला, असं तिथल्या ओळखीच्याने सांगितलं. दुजोरा घेतलेला नाही.

गुलाबभाऊंचा फोन आला. अंक सातला पोहोचला. लोक नदीवर उतरलेत, दोर घेऊन.

आठपासून तिघा वार्ताहरांनी विचारलं, आजचा मजकूर कुठे पाठवायचा, धुळ्याला की इकडे. तिघांना एकच उत्तर दिलं. इकडे.

रशीद म्हणाला, "फोन आने दे पहले." म्हटलं, फोन येईल तेव्हा येईल, धडगावच्या माणसाला आत्ता सांगायला हवं, तो डोंगर उतरून रेंजमध्ये येतो ते एकदाच.

अकराला म.चा फोन अपेक्षित. बाराला प्रकाशात पाणी. चारला मी टेबलावर.